चार हात खोल

अनुभवाचा दाखला घ्यायला परवा जुन्या कंपनीत गेले होते. जालना रोडवरची तीच इमारत, तिसरा मजला, तीच बंद पडणारी लिफ्ट. रिसेप्शनसमोरच्या भिंतीवर आता एक मोठं चित्र लावलंय. निळा समुद्र, त्यात एका बेटाचा नकाशा, आणि वर लिहिलंय, ‘चक्रीवादळानंतरची वीस वर्षं : एका बेटाची नवी उभारणी’. खाली तज्ज्ञांची नावं. मी ती यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. दादाराव खरात हे नाव त्यात कुठंच नाही. माझं आहे. वैशाली वाघमोडे, नकाशे.

नकाशाच्या मधोमध एका विहिरीभोवती निळं वर्तुळ आहे आणि बाजूला शब्द आहे, ‘पूर्ववत’. ते वर्तुळ माझ्याच हातचं. जेवणाची सुटी व्हायच्या आधी घाईघाईत काढलेलं. ती विहीर पूर्ववत झालेली नाही, हे मला माहीत आहे, कंपनीच्या साहेबांना माहीत आहे, आणि भिंतीवर चित्र लावणाऱ्या पोरींना सांगितलं तर त्यांनाही कळेल. पण भिंतीला काय, तिच्यावर काहीही लावा. माझं डोकं असं फिरलं की दाखला तिथंच विसरून खाली उतरले, आणि तो न्यायला पुन्हा तीन मजले चढावे लागले.

साहेबांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांना नाव छापून यायची लई हौस आहे, ती माझ्याकडून भागायची नाही. बेटाचंही नाव नको. तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ लोक येऊन बघून गेलेत. नाव फक्त खरात सरांचं लिहिते, कारण ते कुणीच लिहिलेलं नाही.

सर कंपनीत आले तेव्हा रिटायर होऊन त्यांना सहा-सात वर्षं झाली होती. जन्मभर सरकारी मोजणीदार. आम्ही गावांचे, शहरांचे विकास आराखडे करून देणारी खासगी कंपनी. टेंडर भरताना एक अनुभवी मोजणीदार दाखवावा लागतो, म्हणून साहेबांनी त्यांना घेतलेलं. साहेबांची अपेक्षा एवढीच की खरातांनी एका खुर्चीत बसावं, चहा प्यावा आणि सांगितलं तिथं सही करावी. माणूस ओळखण्यात साहेबांची अशी चूक त्याआधी आणि त्यानंतर कधी झाली नसेल.

बुटका, काळासावळा माणूस. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. खिशात तीन पेन्सिली, ब्लेडनं टोक केलेल्या. टीव्ही सेंटरच्या बाजूला दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी नाशिकला दिलेली. मी एकदा घरी गेले तेव्हा दारातच निळे ड्रम ओळीनं मांडलेले दिसले. नळ आठवड्यानं येणाऱ्या शहरात ड्रम काही नवे नाहीत, पण सरांच्या प्रत्येक ड्रमवर पाणी भरल्याची तारीख खडूनं लिहिलेली. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली फायली. त्या फायलींत काय, तर पोच.

पोच म्हणजे सरांचा धर्मच होता म्हणा. कुठलाही कागद द्यायचा तर दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती आपल्याजवळ ठेवायची. कंपनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी रजेचा अर्ज दोन प्रतींत रिसेप्शनवर दिला आणि आवकचा शिक्का मागितला. तिथली पूजा म्हणाली, “सर, मेल टाका ना. आपल्याकडं शिक्का नसतो.” दुसऱ्या दिवशी सरांनी गुलमंडीच्या बाजारातून स्वतः एक शिक्का बनवून आणला, तारीख फिरवायची चाकं असलेला, आणि शाईच्या पॅडसकट पूजाच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून खरातांचा कागद आला की पूजा हसत हसत चाक फिरवायची आणि शिक्का मारायची. सगळं ऑफिस हसायचं. मीही हसायचे.

दुसरी सवय नकाशाची. त्यांच्यापुढं कुठलाही नकाशा ठेवला की आधी तो उलटा करायचे. मी नवीन होते, फुलंब्रीहून रोज बसनं यायचे, संगणकावर नकाशे काढायचे. माझा पहिलाच नकाशा त्यांनी असा फिरवला तेव्हा मी म्हटलं, “सर, उलटा झाला.”

“उलटा नाय झाला, बाई. खालच्या अंगाला राहणाराला जसा दिसतो तसा झाला.”

मग जेवायच्या सुटीत, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, त्यांनी त्यांच्या गावाचं सांगितलं. गाव धरणात गेलं. नवं गावठाण आखलं गेलं, नकाशा चावडीवर लावला. म्हाताऱ्या माणसांनी तो नुसता बघितला, वाचता कुणाला येत होता? जुन्या गावात यांची वस्ती गावाबाहेर, खालच्या अंगाला. नवं गाव कोऱ्या कागदावर आखायचं होतं, कुणालाही कुठंही बसवता आलं असतं. पण पट्टी लावून वस्ती पुन्हा तिथंच बसवली, गावाबाहेर, नाल्याच्या काठी. पहिल्याच पावसाळ्यात घरात पाणी शिरलं. सरांची आई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन दुपारभर उभी होती.

“नाला होता त्या नकाशात,” सर म्हणाले. “निळ्या शाईनं काढला होता. काढणाराला दिसत होता म्हणजे.”

मी विचारलं, “मग तक्रार नाही केली कुणी?”

“केली की. पोच नव्हती.”

एवढं सांगून त्यांनी भाकरी संपवली आणि डबा धुवायला गेले.

‘लाभार्थी’ आणि ‘बाधित’ या दोन शब्दांचं त्यांना वावडं होतं. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की अमुक बाधितांना हलवायचं, तर हे मागच्या खुर्चीतून शांतपणे विचारायचे, “नाव काय त्याचं?” एकदा साहेबांनी पाहुण्यांसमोर भाषणात तीन वेळा ‘बाधित’ म्हटलं आणि तिन्ही वेळा मागून तोच प्रश्न आला. साहेब घामाघूम. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “यांना समजाव जरा.” मी काय समजावणार, कपाळ. मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं.

मग ते चक्रीवादळ आलं. टीव्हीवर आपण बघतो आणि भाजी निवडत राहतो, तसंच मीही बघितलं. लांबच्या समुद्रातलं छोटंसं बेट. एका दिवसात छपरं गेली, होड्या गेल्या, माडांची डोकी गेली आणि समुद्राची लाट बेटाच्या या कडेनं शिरून त्या कडेनं बाहेर पडली. त्या बेटाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. आता समुद्रापासून एवढ्या लांब, आठवडाभराचं पाणी ड्रममध्ये साठवणाऱ्या गावातल्या माणसांना ते का मिळालं, हे मला विचारू नका. साहेबांच्या ओळखी असतात.

वादळानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी सर आणि कंपनीचा एक इंजिनिअर पहिल्या पाहणीला गेले. दोन दिवस होते. सगळ्या विहिरींत लाटेचं पाणी शिरून त्या खारट झालेल्या. लोक पिण्याच्या पाण्यासाठी बोटीची वाट बघत बसलेले. सरांनी एका विहिरीत डोकावून पाहिलं, तर पाणी अगदी हाताशी. दोन पुरुष उंचीचीही विहीर नाही. आता आमच्या भागात जन्म काढलेल्या माणसाला अशी विहीर दिसली की तोंडातून काय निघणार? आमच्याकडं विहीर बिघडली की खोल करायची, आटली की खोल करायची, शेजाऱ्याची खोल झाली की आपलीही करायची. सत्तर फुटांची विहीर असलेला माणूस चारचौघांत ताठ चालतो. सरांनी छापील फॉर्मवर ‘तातडीचे उपाय’ या रकान्यात लिहिलं, ‘मधल्या विहिरी चार हात खोल कराव्यात. गोडं पाणी मुबलक लागेल.’ खाली सही केली. आणि नमुना म्हणून एक विहीर त्याच आठवड्यात खोल करायला सांगून परत आले.

चार महिन्यांनी दुसऱ्या पाहणीला मी त्यांच्यासोबत होते. सरांना बोट इतकी लागली की मला वाटलं हा माणूस आता उतरून पोहत परत जाईल. पण बेटावर पाय टेकताच शर्टाची बटणं तपासली आणि चालू पडले. आधी त्या विहिरीकडं. विहीर बेटाच्या मधल्या भागात, आमिनाबींच्या घरामागं होती. आमिनाबी पन्नाशी ओलांडलेल्या विधवा, मासे सुकवून विकायच्या. वादळाआधी बेटाचा सगळा दक्षिणेकडचा भाग त्यांच्याच विहिरीवर पाणी भरायचा. त्यांनी आम्हाला बसायला चटई दिली आणि चहा आणून ठेवला.

मी एक घोट घेतला आणि तो गिळता येईना. मीठच मीठ. मी कप खाली ठेवला. सरांनीही घोट घेतला.

“आपा, नमक पड़ गया क्या इसमें?” ते म्हणाले. सरांची हिंदी म्हणजे आमच्या शहराची दखनी.

“नमक नहीं डाला, साब. कुएँ का पानी है,” आमिनाबी म्हणाल्या. “आपने बोला था ना, गहरा करो.”

आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं. मग तुटक हिंदीत त्यांनी उलगडून सांगितलं की ज्या विहिरींना कुणी हात लावला नाही, त्या दोन मोठ्या पावसांनंतर हळूहळू गोड व्हायला लागल्या. यांची होईना. त्यांचे वाडवडील विहीर खणताना पाणी दिसलं की तिथंच हात थांबवायचे. खाली समुद्रच आहे, त्याला कशाला उठवायचं? मी विचारलं, मग तुम्ही खोदू कसं दिलंत? तर म्हणाल्या, “अफसर लोग साथ में थे. कागज था. हमने सोचा, पढ़े-लिखे लोग हैं.”

मला आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. पढ़े-लिखे लोग.

सरांनी कप उचलला आणि तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग माझा अर्धवट ठेवलेला कप उचलला आणि तोही संपवला. आमिनाबी बघत राहिल्या. त्यानंतर त्या बेटावर सरांनी एक नियम केला, आधी ज्याच्या घरी गेलो त्याच्याकडचं पाणी प्यायचं, मग पेन्सिल काढायची. मला ते जड गेलं. पहिले दोन दिवस पोट बिघडलं. सर म्हणाले, “बिघडू दे. त्यांचं रोजच बिघडतं.”

त्या दुपारी छप्पर नसलेल्या शाळेच्या बाकावर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. “रश्शावर तर्री तरंगती का नाय? तसं इथं खाऱ्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतंय. पातळ थर. मी चमचा खालपर्यंत घातला, बाई. सगळं ढवळून ठेवलं.” मग दोन प्रतींत दुसरी नोट लिहिली. पहिली नोट चुकीची होती, ती मागे घेतो. एकही विहीर खोल करू नये. बेटाचा मधला भाग हाच पावसाचं पाणी मुरण्याचा भाग आहे, तो मोकळा ठेवावा, तिथं नवी घरं आणि शोषखड्डे येऊ देऊ नयेत, नाहीतर बेटाला प्यायला काही उरणार नाही.

मी विचारलं, “सर, एक प्रत आमिनाबींना देऊ या का?”

“नाय. कागद रीतसर ऑफिसातून जाऊ दे. असे परस्पर कागद वाटायचे नसतात.”

माझा सरांवर राग आहे तो एवढ्या एका वाक्यासाठी. ज्या माणसानं मोजणीतल्या साहेब लोकांना जन्मभर ओळखलं, त्यानं शेवटी भरवसा ठेवला तो रीतीवर. परत आल्यावर नोट रिसेप्शनवर दिली, पूजानं हसत चाक फिरवलं, शिक्का मारला. पोच सरांच्या फायलीत गेली आणि नोट साहेबांच्या टेबलावर. टेबलावरून ती कुठं गेली ते साहेबांनाच ठाऊक.

पुढं दोन-तीन महिने सर बेटाच्या लोकांशी बोलत, आकृत्या काढत बसले. लोकांचं म्हणणं साधं होतं. किनाऱ्यामागं वाळूचा जो उंचवटा आहे तिथं पुन्हा घरं बांधू, छपरं नीट आवळून बांधू, वादळात जायला एक पक्की इमारत द्या, आणि मधली जागा सोडा. होड्या डोळ्यांसमोर राहतात, पाणी राहतं. माझ्याकडं तसा नकाशा तयार होता.

एका सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. “वैशाली, सगळी घरं मधे घे. ओळीत. त्याला सुरक्षित क्षेत्र म्हण. किनाऱ्याच्या उंचवट्याला पर्यटन विकास लिही.”

“साहेब, मधे पाणी मुरतं. खरात सर म्हणाले होते—”

“खरात सरांचीच नोट आहे ना,” साहेब म्हणाले आणि त्यांनी परिशिष्टातलं पान माझ्यापुढं ठेवलं. पहिली नोट. मधल्या विहिरी, चार हात खोल, गोडं पाणी मुबलक. खाली सही, दादाराव खरात. “मुबलक पाणी आहे म्हटल्यावर माणसं तिथंच बसवायची ना? साधी गोष्ट आहे.”

म्हणजे बघा. ज्यांची घरं लाटेनं नेली, त्यांना किनारा धोक्याचा. पण तिथंच हॉटेल बांधलं तर लाट म्हणे विचारून येणार. आणि माणसांना मधे कोंबायचं, त्यांच्याच मोऱ्यांचं पाणी त्यांच्याच विहिरीत जाणार, आणि याला आधार कशाचा, तर एका प्रामाणिक माणसाच्या चुकीचा. त्यानं ती चूक लेखी कबूल केलेली असताना. नालायकपणाला काही सीमा असते की नाही? आणि मी काय केलं? मी घरं मधे घेतली. माऊसनं एकेक ओळ ओढली, विहिरीभोवती निळं वर्तुळ काढलं, साहेबांनी सांगितलेला शब्द टाकला आणि डबा खायला गेले. सर त्या आठवड्यात नाशिकला मुलीकडं होते. मी फोन केला नाही.

लोकांची सुनावणी लागली. लोक बेटावर, आणि सुनावणी आमच्या कॉन्फरन्स रूममधून, भिंतीवरच्या पडद्यावर. पलीकडं शाळेचा हॉल दिसत होता, बायका पुढं बसलेल्या, त्यात आमिनाबी. आवाज मधेमधे तुटत होता. साहेब इंग्रजीतून आराखडा दाखवत होते आणि एक मुलगी तिकडं जमेल तसं भाषांतर करत होती. सरांना बोलावलंच नव्हतं. ते आदल्या दिवशी परतले होते, नेहमीसारखे डबा घेऊन आले आणि काचेतून त्यांना पडद्यावर स्वतःची सही दिसली.

मला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, “दुसरी नोट कुठाय?”

“जोडलेली नाही, सर.”

“तुला ठावं होतं?”

मी मान खाली घातली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. टेबलाकडं गेले, पिशवीतून फाईल काढली आणि दार ढकलून आत शिरले. साहेबांच्या आणि पडद्याच्या मधे जाऊन उभे राहिले.

“आपा, मैं खरात,” ते म्हणाले. “वो कागज गलत है. मेरी गलती है. तुम्हारा कुआँ मैंने खराब किया. इस प्लान को मत मानो. बीच में घर बने तो पीने को पानी नहीं रहेगा. मैंने ये लिख के दिया था, ये देखो, सिक्का है—”

साहेबांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडं नुसतं बघितलं. पडदा काळा झाला. ‘पुन्हा जोडत आहे’ अशी अक्षरं आली. साहेब म्हणाले, “नेटवर्क गेलं वाटतं.” सर हातातली पोच काळ्या पडद्यापुढं धरून बराच वेळ उभे होते. खोलीतल्या एकानंही खुर्ची हलवली नाही. त्यात मीही आले.

“सर, वय झालंय तुमचं,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “गोंधळ होतो. घरी आराम करा आता.”

“साहेब, विहीर खोल करा म्हणलो तवा माझं वय नाय काढलं तुम्ही,” सर म्हणाले. “ती सही बरी चालली.”

लेखी हरकती द्यायला अजून पंधरा दिवस होते. बेटावर फोन लागेना, लागला तर ऐकू येईना, आणि कागद तर मूळच पाहिजे, शिक्क्याचा. चौथ्या दिवशी सरांनी कळवलं, मी निघालो. मी स्टेशनवर गेले. जाण्याआधी मी घरी बसून एक काम केलं होतं, जुना नकाशा पुन्हा काढला होता, मधली जागा मोकळी असलेला, आणि खाली माझी सही केली होती.

सर फलाटावर उभे होते. खांद्याला नायलॉनची पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल, आणि हातात पाच लिटरचा पांढरा कॅन, तोंडाला दोरीनं आवळलेला. ड्युटीवरच्या पोलिसानं कॅनकडं बोट केलं. “बाबा, काय आहे यात?”

“पाणी.”

“पिण्याचं गाडीत मिळतं की. कुठं नेता एवढं?”

“एका बाईच्या घरी. चहाला.”

पोलिसानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जाऊ द्या त्यांना. ते कालच्याच तारखेच्या ड्रममधलं पाणी होतं, मला माहीत होतं. आमच्या शहरातलं, आठवड्यानं येणारं.

मी नकाशा दिला. त्यांनी तो उघडला, उलटा केला आणि गाडीची घोषणा होईपर्यंत बघत राहिले. मग घडी करून फाईलमध्ये ठेवला, खिशातली पेन्सिल काढली आणि एका कागदाच्या तुकड्यावर लिहिलं, ‘नकाशा एक, सहीसह, मिळाला.’ तारीख टाकली, सही केली, तुकडा माझ्या हातात दिला.

“हे कशाला, सर?” मला रडू यायला लागलं होतं.

“राहू दे, बाई. लागतं.”

कागद पोचले. हरकत मुदतीत दाखल झाली, सरांच्या जबाबासकट, माझ्या नकाशासकट. वरच्या खात्यातल्या कुणीतरी, देव त्यांचं भलं करो, तो शिक्का आणि ती तारीख नीट वाचली. आराखडा फेरविचारासाठी परत आला, आणि तोपर्यंत मधल्या जागेत एकही घर बांधू नये असं लेखी आलं. ते ‘तोपर्यंत’ अजून चालू आहे. साहेबांनी मला बोलावून एवढंच विचारलं की नकाशावर सही कुणाला विचारून केली. मी म्हटलं, कुणालाच नाही. तरी त्यानंतर सहा महिने मी तिथंच काम केलं, हेही लिहिलं पाहिजे.

सर परत आलेच नाहीत. विहीर भरत होते. त्यांनी खणायला लावलेले चार हात ते वाळू आणि बारीक खडी टाकून बुजवत होते. दोन महिने चाललं. मुलीनं नाशिकहून किती फोन केले, त्यांचं एकच उत्तर, काम संपलं की येतो. पावसाच्या तोंडावर ते तिथंच गेले, ताप आला आणि दोन दिवसांत संपलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या पंधरा दिवस आधी, आमिनाबींच्या फोनवर.

सर विहिरीच्या काठावर उभे होते. पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, ढोपरापर्यंत वाळू. शेवटची टोपली त्यांनी स्वतः ओतली. मग बादली खाली गेली, वर आली, आणि कुणीतरी चहा करायला पाणी घेऊन गेलं. पाच-सहा बायका सरांच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. कप आला. सरांनी घोट घेतला.

मी विचारलं, “सर, कसाय?”

“खारा.”

“पहिल्यापेक्षा कमी असेल ना?”

“कमी-बिमी काय नाय. खारा हाय.” मग म्हणाले, “दोन-तीन पावसाळे लागतील. मग बघू. तू मात्र वर्तुळ पुसून टाक.”

पुसायचं कुठं, ती फाईल साहेबांच्या संगणकात होती, आणि आता ती भिंतीवर आहे, विहीर पूर्ववत. फाईल माझ्या हातात नाही हे मी त्यांना तेव्हा सांगू शकले नाही, कारण तेवढ्यात चित्र तुटायला लागलं. या वेळी खरंच नेटवर्क जात होतं. शेवटी दिसले ते असे, की त्यांनी मनगटानं कपाळ पुसलं, कप पुन्हा तोंडाला लावला आणि तो चहा सगळा संपवला.